गुंतवणुकीसाठी ऑफिस किंवा दुकान घेताय? या चुका टाळा

पुण्यात बाणेर, खराडी, हिंजवडी भागातल्या छोट्या ऑफिसांच्या जाहिराती सध्या सतत दिसतात. फ्लॅटला भाडं दोन-तीन टक्के सुटतं, ऑफिसला सहा-सात टक्के, असं त्यांचं गणित. निवृत्तीचे पैसे नुकतेच हातात आलेली माणसं याला भुलतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे भाड्याचा हिशोब जाहिरातीतल्या किमतीवर करणं. समजा, 80 लाखांचं ऑफिस, भाडं महिना 45,000. कागदावर पावणेसात टक्के. आता पुण्यातलं 7 टक्के मुद्रांक शुल्क धरा, 5 लाख 60 हजार. नोंदणी फी 30,000. बांधकाम चालू असेल तर सहसा 12 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 9 लाख 60 हजार. खिशातून गेले साडेपंचाण्णव लाख. मेंटेनन्स आणि मालमत्ता कराचे वर्षाला 90,000 आणि एक महिना रिकामी जागा वजा केली, की उरतात 4 लाख 5 हजार. सव्वाचार टक्केसुद्धा जेमतेम, आणि आयकर अजून बाकीच आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत घेतलंत तर निदान जीएसटी वाचतो.

‘भाडेकरूसकट’ विकायला काढलेल्या जागेला लोक जादा भाव देतात. देण्याआधी मूळ करार मागून वाचा. करार पाच वर्षांचा, लॉक-इन (म्हणजे भाडेकरूला जागा सोडता येत नाही तो काळ) तीन वर्षांचं आणि त्यातली अडीच वर्षं सरलेली, तर तुम्ही फक्त सहा महिन्यांच्या खात्रीसाठी पैसे मोजताय. भाडं मुद्दाम चढवून दाखवलेलंही असू शकतं. इमारतीत जाऊन वॉचमनला विचारा, किती ऑफिसं बंद आहेत आणि कधीपासून. शेजारच्या गाळेवाल्याला भाडं विचारा. एवढ्या चौकशीत निम्मे व्यवहार गळून पडतील, आणि पडू द्यावेत.

ताबा मिळेपर्यंत ‘12 टक्के हमखास परतावा’ देणाऱ्या बिल्डरपासून लांबच राहा. बऱ्याचदा ती रक्कम आधीच किमतीत चढवलेली असते. बिल्डर अडकला की पहिले थांबतात ते हेच चेक. प्रकल्प महारेरावर (बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नियामकाकडे) नोंदलेला आहे का ते स्वतः बघा, आणि भाव ‘सेलेबल’वर, म्हणजे सामाईक जागा धरून सांगितलेल्या क्षेत्रफळावर नाही, कार्पेटवर, म्हणजे आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवर काढा.

भाड्यावर 18 टक्के जीएसटी आहे. 10 ऑक्टोबर 2024 पासून मालक जीएसटीत नोंदणीकृत नसला आणि भाडेकरू नोंदणीकृत असला, तर हा कर साधारणपणे भाडेकरूला भरावा लागतो. बँकेसारख्या भाडेकरूला त्याचं पूर्ण क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, त्यामुळे तो भाड्यात घासाघीस करणारच. करार करताना हे आधी बोलून घ्या.

सगळी पुंजी एका गाळ्यात अडकवायची नसेल तर शेअर बाजारात नोंदलेले रीट आहेत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारतींत गुंतवणारे ट्रस्ट. एम्बसी 2019 मध्ये आला, माइंडस्पेस 2020 मध्ये. वाटपयोग्य रकमेपैकी किमान 90 टक्के त्यांना वाटावे लागतात आणि एक युनिटही घेता येतं. सेबीने 2024 मध्ये आणलेल्या छोट्या म्हणजे एसएम रीटमध्ये मात्र किमान 10 लाख लागतात, आणि पैसा एक-दोन इमारतींतच असू शकतो. तिथेही भाडेकरू कोण आणि लॉक-इन किती उरलंय, हे ऑफर दस्तऐवजात शोधून वाचा.