भाड्याच्या मोटारींवरील करसवलत रद्द करताना

मोटारी भाड्याने देणाऱ्या उद्योगाची करसवलत काढून घ्यायची, असे एकदा ठरले की मसुदा तयार करणाऱ्याचे लक्ष साहजिकच संबंधित कलम वगळण्याकडे जाते. कलम वगळणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. त्याआधी, ज्याला आपण सवलत म्हणत आहोत ती खरोखर सवलत आहे का, हे तपासावे.

कंपनीने गाडी घेताना विक्रीकर भरला नाही एवढ्यावरून ती सवलत ठरत नाही. भाड्याच्या प्रत्येक बिलावर कर आकारला जात असेल आणि पुढे गाडी विकतानाही तो लागत असेल, तर खरेदीवरील सूट ही एकाच वस्तूवर दोनदा कर बसू नये म्हणून केलेली व्यवस्था असते. ती रद्द केल्यास करावर कर बसतो आणि तो बहुतांशी ग्राहकाच्याच बिलात उतरतो. याउलट, नोंदणी करातील कपात ही बहुधा खरी सवलत असते. विशेषतः काही महिने भाड्याने फिरवलेली, जवळपास नवी गाडी पुढे खासगी मालकाला विकली जाते आणि वाचलेला कर कोणीच परत मागत नाही, तेव्हा. अशा ठिकाणी सवलत पूर्ण रद्द करण्याऐवजी लवकर विकलेल्या गाडीवर राहिलेल्या मुदतीच्या प्रमाणात कर वसूल करणे पुरेसे ठरते का, याचाही विचार करावा.

प्राप्तिकरातील सवलत ओळखणे अधिक अवघड असते, म्हणून एका गाडीचा हिशेब मांडून पाहावा. गाडी १०० ला घेतली आणि पहिल्याच वर्षी पूर्ण घसारा (गाडीची किंमत झिजल्याबद्दल उत्पन्नातून मिळणारी वजावट) मिळाला, तर तिची पुस्तकी किंमत शून्य होते. वर्षाअखेर ती ७० ला विकली, तर ते सगळे ७० करपात्र उत्पन्न ठरते; परंतु त्याच वेळी १०० ची दुसरी गाडी घेतली की नवा घसारा ते उत्पन्न पुसून टाकतो. ताफा लहान होत नाही तोवर कर असाच पुढे ढकलला जातो. म्हणून ही सवलत रद्द केल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत महसूल फुगलेला दिसतो आणि नंतर वाढ ओसरते. अर्थसंकल्पाच्या टिपणात केवळ पहिल्या वर्षाचा आकडा देणे हे दिशाभूल करण्यासारखेच आहे. किमान दहा वर्षांचा तक्ता जोडावा.

अमेरिकेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. जुनी गाडी विकून तशीच नवी घेतल्यास नफ्यावरील कर पुढे ढकलण्याची मुभा तेथे प्राप्तिकर संहितेच्या कलम १०३१ खाली होती आणि भाड्याच्या गाड्यांच्या मोठ्या कंपन्या तिचा नियमित वापर करीत. डिसेंबर २०१७ च्या कायद्याने ही मुभा २०१८ पासून स्थावर मालमत्तेपुरतीच ठेवली. मात्र ३१ डिसेंबर २०१७ पर्यंत ज्या अदलाबदलीची एक बाजू, म्हणजे जुनीची विक्री किंवा नवीची खरेदी, पूर्ण झाली होती, तिला संरक्षण दिले. त्याच कायद्याने २७ सप्टेंबर २०१७ नंतर घेतलेल्या गाड्यांसह इतर पात्र मालमत्तेवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा देऊ केला. म्हणजे एका हाताने घेतलेले बरेचसे दुसऱ्या हाताने परत दिले गेले. हा घसारा २०२३ मध्ये ८०, २०२४ मध्ये ६० टक्क्यांवर आला आणि पुढेही उतरणार होता; परंतु २०२५ च्या कायद्याने १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या मालमत्तेसाठी तो पुन्हा १०० टक्के केला. म्हणूनच, रद्द करायच्या सवलतीशेजारी तोच लाभ देणारे दुसरे कलम आहे का, हे मसुद्यापूर्वीच शोधावे.

यानंतर तारखेचा प्रश्न येतो. घोषणा आणि अंमलबजावणी यांत मोठे अंतर ठेवल्यास कंपन्या पुढच्या खरेदीची मागणी आधीच उरकून घेतात आणि पुढे त्या सगळ्या गाड्या जवळपास एकाच वेळी जुन्या गाड्यांच्या बाजारात उतरून तेथील भाव पाडतात. अंतर अजिबात न ठेवल्यास हंगामासाठी आधीच नोंदवलेल्या गाड्यांवर अन्याय होतो. यावर उपाय म्हणून घोषणेच्या दिवसापूर्वी लेखी करार झालेल्या आणि ठरावीक मुदतीत ताब्यात आलेल्या गाड्यांनाच जुना नियम लागू ठेवावा. करारात गाड्यांची संख्या आणि प्रकार नमूद असण्याची अट घालावी, अन्यथा कोऱ्या मागणीपत्रांचा सुळसुळाट होतो.

व्यावृत्तीचे, म्हणजे जुन्या व्यवहारांवरील अटी आणि अधिकार टिकवून ठेवणारे, कलम मात्र विसरू नये. सवलतीचे कलम नुसते वगळले, तर सवलतीत घेतलेली गाडी मुदतीपूर्वी विकल्यास कर परत करण्याची अटही त्याबरोबर गेली, असा युक्तिवाद कंपन्यांना करता येतो. जुन्या गाड्यांवरील अटी आणि वसुलीचे अधिकार कायम राहतील, असे स्पष्ट शब्दांत लिहावे.

‘भाडे’ या शब्दाची व्याख्या तपासणेही तितकेच आवश्यक आहे. सवलत केवळ अल्पमुदतीच्या भाड्यापुरती काढली आणि दीर्घमुदतीच्या भाडेपट्ट्याला ठेवली, तर तोच व्यवहार कागदावर भाडेपट्टा म्हणून दाखवला जाईल. खासगी मालकांच्या गाड्या ॲपवरून भाड्याने देणाऱ्यांना कोणत्या बाजूला ठेवायचे, हेही कायद्यातच ठरवावे. ते परिपत्रकावर सोडल्यास वाद न्यायालयात जातो.

विवरणपत्रातील सवलतीचा रकाना लगेच काढू नये. जुन्या नियमाखालील शेवटची गाडी विकली जाईपर्यंत तो ठेवून त्यात गाडीचा नोंदणी क्रमांक, खरेदीची तारीख आणि विक्रीची तारीख मागवावी.