शांघायच्या विमानतळावरून टॅक्सीने शहरात जाताना या चुका टाळा

पुडोंग विमानतळापासून शांघायचा पीपल्स स्क्वेअर साधारण 45 किलोमीटर आहे. रस्ता उत्तम आहे, टॅक्स्या मीटरवर चालतात आणि स्टँडवर रांग लावून गाडी मिळते. तरीही आपल्याकडून गेलेला माणूस नेमका इथेच अडकतो, आणि बहुतेक वेळा त्यात ड्रायव्हरचा काही दोष नसतो. पत्ता ड्रायव्हरला वाचता येत नाही, कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंद असतं, फोनला नेट नसतं. हे तिन्ही घोळ घरून निघण्याआधीच झालेले असतात. म्हणून सुरुवात घरच्या तयारीपासूनच करू.

पत्ता इंग्रजीत नेणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. शांघायचा टॅक्सी ड्रायव्हर रोमन लिपीतला पत्ता वाचू शकेल असं गृहीत धरू नका. मोठ्या हॉटेलांच्या बाबतीत तर नावच वेगळं असतं. मॅरियटला चिनीत 'वानहाओ' म्हणतात, हिल्टनला 'शीअरदुन', हॉलिडे इनला 'जियारी'. ड्रायव्हरसमोर 'मॅरियट, मॅरियट' असं दहा वेळा म्हटलं तरी त्याला बोध होत नाही. भाषांतराच्या ॲपमध्ये इंग्रजी नाव टाकलं तर ते अनेकदा अक्षरशः उच्चार उतरवून देतं, आणि त्या नावाचं हॉटेल शहरात नसतंच.

हॉटेलच्या बुकिंगमध्ये स्थानिक भाषेतला पत्ता दाखवायची सोय बहुधा असते. नसेल तर हॉटेलला ईमेल करून चिनी लिपीतलं नाव, पत्ता आणि फोन नंबर मागवा. त्याचा स्क्रीनशॉट फोनच्या गॅलरीत ठेवा आणि एक प्रत मोठ्या अक्षरांत छापून पासपोर्टसोबत ठेवा. अक्षरं मोठीच हवीत. रात्री गाडीतल्या अंधुक उजेडात पन्नाशीतल्या ड्रायव्हरला बारीक चिनी अक्षरं वाचता येत नाहीत, मग तो चष्मा शोधतो आणि मागे रांग खोळंबते. फोन नंबर विसरू नका. पत्ता कळला नाही तर ड्रायव्हर थेट रिसेप्शनला फोन लावतो आणि दोन मिनिटांत प्रश्न सुटतो.

रस्त्याच्या नावातली दिशा तपासून घ्या. 'दोंग' म्हणजे पूर्व, 'शी' पश्चिम, 'नान' दक्षिण, 'बेइ' उत्तर, 'झोंग' मधला आणि 'लू' म्हणजे रस्ता. नानजिंग दोंग लू आणि नानजिंग शी लू ही एकाच नावाची दोन टोकं आहेत. चुकीच्या टोकाला उतरलात तर बॅगा ओढत दोन-तीन किलोमीटर चालावं लागेल. शक्य असेल तर जवळचा चौक, म्हणजे छेदणाऱ्या रस्त्याचं नावही लिहून घ्या. शांघायचे ड्रायव्हर घराच्या नंबरापेक्षा चौकावरून जागा ओळखतात.

हॉटेल निवडतानाही 'पुडोंग' या शब्दाने फसू नका. पुडोंग हा हजार चौरस किलोमीटरहून मोठा जिल्हा आहे. नावात पुडोंग असलेलं हॉटेल विमानतळाला लागून असेल किंवा नदीकाठच्या लुजियाझुईच्या गगनचुंबी इमारतींत असेल. दोन्हींत तीस-चाळीस किलोमीटरचा फरक पडतो.

गूगल मॅप्सवर विसंबू नका. एक तर चीनमध्ये गूगल बंद आहे. दुसरं म्हणजे रोमिंगवर ते उघडलं तरी ठिपका काही शे मीटर सरकलेला दिसू शकतो, कारण चीनमधले नकाशे कायद्याने वेगळ्या निर्देशांक पद्धतीवर असतात. आयफोनचा स्वतःचा नकाशा किंवा चिनी 'ॲमॅप' यावर जागा बरोबर दिसते.

कार्ड जोडलं, पण चालू केलं नाही

चीनमध्ये टॅक्सीचे पैसे बहुतेक लोक अलीपे किंवा वीचॅट या मोबाइल ॲपने देतात. दोन्हींत आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. पण रिझर्व्ह बँकेच्या 2020 पासून लागू असलेल्या नियमामुळे आपल्याकडचं नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या मशीनपुरतं चालू असतं. परदेशी व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार ही दोन्ही बटणं बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः सुरू करावी लागतात. एकच सुरू केलं तर पैसे अडकतात, आणि दोष अलीपेवर जातो.

अलीपेची नोंदणी, पासपोर्टची पडताळणी आणि कार्ड जोडणं हे सगळं भारतात असतानाच उरका. ओटीपी आपल्या नंबरावर येतो, त्यामुळे तो सिम चीनमध्ये चालू राहील एवढं रोमिंग हवंच. विमानतळाचं मोफत वाय-फाय मिळेल म्हणून निर्धास्त राहू नका. त्यासाठी मोबाइलवर येणारा कोड लागतो किंवा पासपोर्ट स्कॅन करणारं मशीन शोधावं लागतं. ते वाय-फाय इमारतीतच सुटतं. टॅक्सीत बसून पैसे द्यायची वेळ येते तेव्हा ते मागे राहिलेलं असतं.

आता एक बारकावा. परदेशी कार्ड जोडलेल्या अलीपेतून दुकानाच्या किंवा धंद्याच्या कोडवर पैसे जातात, पण एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवता येत नाहीत. काही ड्रायव्हर सीटमागे स्वतःचा खाजगी क्यूआर कोड लावतात. तो स्कॅन केला की व्यवहार नाकारला जातो आणि ड्रायव्हरला वाटतं, हा पैसे द्यायला टाळतोय. अशा वेळी वाद घालू नका, दुसरा कोड आहे का विचारा, नाहीतर रोख द्या. परदेशी कार्डावर 200 युआनपेक्षा मोठ्या व्यवहारावर 3 टक्के शुल्क लागतं आणि रात्रीचं भाडं नेमकं त्या रेषेच्या वर जातं, हेही लक्षात असू द्या.

म्हणून खिशात 400 ते 500 युआन रोख ठेवाच, आणि त्यातले निम्मे तरी 10, 20 आणि 50 च्या नोटांत. 100 ची लाल नोट दिल्यावर ती मागच्या मागे बदलून 'ही खोटी आहे, दुसरी द्या' असं म्हणण्याचा जुना प्रकार आहे. 100 ची नोट द्यावीच लागली तर तिच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे देताना ड्रायव्हरसमोर मोठ्याने वाचा. भाषा कळली नाही तरी हेतू कळतो.

हॉलमध्ये विचारायला आलेल्या माणसाबरोबर जाणं

कस्टम्समधून बाहेर पडलं की गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं 'टॅक्सी? टॅक्सी?' करत जवळ येतात. पक्का नियम असा: खरी टॅक्सी प्रवाशाला शोधत हॉलमध्ये येत नाही. ही बेकायदा गाडी असते, तिला चिनीत 'हेइ-छ' म्हणजे काळी गाडी म्हणतात. रंग कोणताही असो. ते मीटरच्या दुप्पट-तिप्पट मागतात, आणि वाटेत 'टोलचे वेगळे' असं निघतं. थेट इंग्रजी-चिनी पाट्या पाहत अधिकृत स्टँडकडे चला. तिथे रांग लांब दिसली तरी ती झपाट्याने पुढे सरकते.

टॅक्सीला चिनीत छू-चू-छ म्हणतात. मधला 'चू' आपल्या 'चूल'मधल्यासारखा. मराठी माणसाला हा उच्चार इतरांपेक्षा सोपा जातो. पण चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो, म्हणून बोलून समजावण्यापेक्षा दाखवणं केव्हाही बरं.

मीटर न पाहणं

गाडी हलली की मीटरवर सुरुवातीचा आकडा दिसायला हवा. शांघायमध्ये गाडीच्या प्रकाराप्रमाणे तो 14 किंवा 16 युआन असतो आणि त्यात पहिले 3 किलोमीटर येतात. तिथून 15 किलोमीटरपर्यंत दर किलोमीटरला सुमारे 2.7 युआन, आणि त्यापुढे दीडपट, म्हणजे साधारण 4. ही दीडपट बघून अनेकांना वाटतं मीटर पळतोय. तसं नसतं. लांब जाऊन गाडी रिकामी परतते, त्याची ती भरपाई आहे.

हिशोब मांडून पाहा. 14 युआन, अधिक 12 किलोमीटरचे 32, अधिक उरलेल्या 30 किलोमीटरचे सुमारे 120. म्हणजे 166 च्या आसपास. वाहतुकीत रेंगाळलेला वेळ धरला तर 170 ते 200. रात्री 11 ते पहाटे 5 पर्यंत दर सुमारे 30 टक्क्यांनी वाढतात, म्हणून तेच भाडं 220 च्या पुढे जातं. युआन साधारण 12 ते 13 रुपयांचा, तेव्हा दिवसाचा प्रवास दोन-अडीच हजार रुपयांचा धरा. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आपल्या साडेआठला तिथे 11 वाजून रात्रीचा दर लागू झालेला असतो.

मीटर पडला नाही तर लगेच, स्टँडवरच, 'दा बियाओ' म्हणा. म्हणजे मीटर लावा. ड्रायव्हर ऐकत नसेल तर उतरा. रस्त्याला लागल्यावर घासाघीस करून काही हाती लागत नाही. टिप देण्याची पद्धत नाही.

एकटे असाल आणि एकच बॅग असेल तर मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकाच्या बळावर धावणारी वेगवान रेल्वे बघा. टर्मिनलजवळून सुटते, 50 युआन तिकीट, सुमारे 30 किलोमीटर 8 मिनिटांत, लोंगयांग रोडपर्यंत. तिथून टॅक्सी किंवा मेट्रो. दोघं-तिघं असाल तर सरळ टॅक्सी परवडते. रात्री दहानंतर मॅग्लेव्हचा विचार सोडा.

दीदी बोलावून दारात थांबणं

दीदी म्हणजे चीनची उबर. अलीपेच्या आतच इंग्रजीत उघडते. इथे मोठी चूक होते ती जागेची. विमानतळावर दीदीची गाडी आगमनाच्या दाराशी येत नाही, ठरवून दिलेल्या ठिकाणी, बहुधा पार्किंगच्या इमारतीत येते. ॲपमध्ये मजला आणि दाराचा क्रमांक दिलेला असतो. म्हणून आधी तिथपर्यंत चालत जा, मगच गाडी बोलवा. उलट केलंत तर ड्रायव्हर येऊन थांबतो, फोन करतो, तुम्ही चिनी ऐकून फोन ठेवता आणि तो फेरी रद्द करतो.

गाडी ओळखताना नंबर प्लेट नीट पाहा. हिरवी प्लेट विजेच्या गाडीची आणि निळी पेट्रोलची. सुरुवातीचं चिनी अक्षर सोडून द्या. शेवटचे आकडे ॲपमधल्या आकड्यांशी जुळवा. बसल्यावर ड्रायव्हर मागे वळून काहीतरी विचारतो. घाबरू नका, तो तुमच्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे विचारत असतो. ते स्क्रीनवर टाइप करून दाखवा. हे चुकलं तर फेरी सुरूच होत नाही.

सामानाचा अंदाज न घेणं

साध्या टॅक्सीच्या डिकीत दोन मोठ्या बॅगा कशाबशा बसतात. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा एका गाडीत जाणार नाहीत. स्टँडवरच्या माणसाला बोटांनी बॅगांची संख्या दाखवा, मोठी गाडी असेल तर तो देतो. दीदीत सहा आसनी प्रकार आधीच निवडा.

फोनची बॅटरी हासुद्धा सामानाचाच भाग समजा. 28 जून 2025 पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत 'थ्री सी' (3C) ही चीनची सुरक्षा प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत. ग्वांगझौला उतरून पुढे शांघायला जाणाऱ्याची इथली पॉवर बँक वाटेतच काढून घेतली जाऊ शकते, आणि मग पत्ता, पैसे आणि गाडी तिन्ही एका मरायला टेकलेल्या फोनवर येऊन पडतं. छापील कागद आणि रोख रक्कम यासाठीच.

पावती न घेता उतरणं

उतरताना 'फापियाओ', म्हणजे पावती, म्हणा. मीटरमधून कागदाची पट्टी निघते. तिच्यावर गाडीचा नंबर, वेळ, अंतर आणि रक्कम असते. पासपोर्टची पिशवी सीटवर राहिली तर त्या पट्टीवरूनच गाडी सापडते. ती नसेल तर हजारो टॅक्स्यांतून एक शोधणं अशक्यप्राय होतं. हॉटेलच्या रिसेप्शनवर पट्टी दाखवा, ते कंपनीला फोन लावतात. जास्त पैसे घेतले असतील तर तक्रारीसाठी 12345 हा शहराचा नंबर आहे, आणि तिथेही पहिला प्रश्न गाडीच्या नंबराचाच येतो.

परतीच्या वेळी फक्त 'एअरपोर्ट' म्हणणं

शांघायला दोन मोठे विमानतळ आहेत. पुडोंग पूर्वेला, होंगचियाओ पश्चिमेला. बीजिंगला कॅपिटल आणि दाशिंग, चेंगदूला श्वांगलिउ आणि तियानफू. तिकिटावरचा कोड पाहा: पुडोंगचा पीव्हीजी, होंगचियाओचा एसएचए. चुकीच्या ठिकाणी पोचल्यावर दुसऱ्या टोकाला जायला टॅक्सीत एक तासाहून जास्त जातो आणि विमान सुटतं. टर्मिनल एक की दोन तेही चिनी अक्षरांत हॉटेलच्या माणसाकडून आदल्या रात्रीच लिहून घ्या, आणि तोच कागद सकाळी ड्रायव्हरच्या हातात द्या.