उतरणीचा हिशेब आणि सहवैमानिकाचा आवाज

प्रवासी विमानाच्या उतरणीत झालेली चूक धावपट्टीवर दिसते, पण तिची सुरुवात बहुधा शंभर-सव्वाशे सागरी मैल आधीच झालेली असते. म्हणून नुकत्याच उजव्या आसनावर बसू लागलेल्या सहवैमानिकाने उतरणीचा हिशेब संगणकावर न सोडता स्वतः तोंडी करण्याची सवय लावून घ्यावी. हिशेब अवघड नाही. उतरायच्या प्रत्येक हजार फुटांमागे तीन सागरी मैल धरावेत आणि वेग कमी करण्यासाठी आणखी दहाएक मैल हाताशी ठेवावेत. 37 हजार फुटांवरून समुद्रसपाटीजवळच्या विमानतळावर यायचे असेल, तर 111 अधिक 10, म्हणजे सुमारे 120 मैलांवर खाली यायला लागले पाहिजे. मागून वारा असेल तर त्याहूनही आधी. अखेरच्या टप्प्यातला दर काढण्यासाठी जमिनीसापेक्ष वेगाची निमपट करून पुढे एक शून्य द्यावे, म्हणजे 140 नॉटला (ताशी 140 सागरी मैलांना) मिनिटाला 700 फूट येतात.

22 मे 2010 रोजी दुबईहून येऊन मंगळूरला उतरताना अपघात झालेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या 812 क्रमांकाच्या विमानाला हा हिशेब लावून पाहावा. सहवैमानिकाने सुमारे 130 मैलांवर खाली येण्याची परवानगी मागितली होती. म्हणजे त्याचे गणित बरोबरच होते. मंगळूरचे रडार त्या वेळी बंद असल्याने इतर विमानांपासून अंतर राखण्यासाठी नियंत्रकाने ती दिली नाही, आणि उतरण प्रत्यक्षात 77 मैलांवर सुरू झाली. तेवढ्या अंतरात जेमतेम 25-26 हजार फूट बसतात, आणि विमान 37 हजारांवर होते. असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो आणि त्यात वैमानिकाचा दोष असतोच असे नाही. मात्र त्याच क्षणी सहवैमानिकाने जास्तीची उंची आकड्यात बोलून दाखवावी: ‘सर, आपण 11 हजार फूट उंच आहोत.’ ‘जरा उंच वाटतंय का?’ असे विचारू नये. प्रश्नाला ‘नाही’ म्हणून मोकळे होता येते, आकड्याला तसे होता येत नाही.

जास्तीची उंची जिरवण्याचे मार्ग थोडेच असतात. वेग जास्त असताना स्पीडब्रेक (पंखांवर उघडणाऱ्या, हवा अडवणाऱ्या झडपा) चांगले काम करतात, वेग उतरला की त्यांचा प्रभाव कमी होतो. चाके लवकर सोडल्यास अवरोध वाढतो. पण जेट विमान एकाच वेळी झपाट्याने खालीही येईल आणि वेगही सोडेल, अशी अपेक्षा ठेवू नये. मंगळूरच्या विमानात स्पीडब्रेकही उघडले होते आणि चाकेही साडेआठ हजार फुटांच्या सुमारास सोडली होती. तरीही अंतिम मार्गावर ते असायला हवे त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होते. म्हणून सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे नियंत्रकाकडे जादा मैल किंवा एक फेरी मागणे. त्यात इंधनाची आणि पाच-सात मिनिटांचीच काय ती खोटी होते.

निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. कप्तान उड्डाणात दीड तासाहून अधिक काळ झोपले होते, आणि जाग आल्यानंतरही काही काळ टिकणारी गुंगी त्यांच्या निर्णयांना भोवली असावी. कॉकपिटमध्ये नियमानुसार विश्रांती घ्यायची असेल तर ती आटोपशीर ठेवावी, आणि उतरण सुरू होण्याच्या किमान अर्धा तास आधी झोपलेल्याला उठवून, त्याच्याशी बोलून, मगच ब्रीफिंग करावे. पहाटेच्या उड्डाणांत हे विशेष कटाक्षाने पाळावे.

ऑटोपायलटला दिलेला आदेश आणि त्याने स्वीकारलेला आदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 14 फेब्रुवारी 1990 रोजी मुंबईहून बंगळूरला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ए-320 विमान धावपट्टीआधीच जमिनीला टेकले आणि 92 जण मृत्युमुखी पडले. इंजिने किमान शक्तीवर ठेवणाऱ्या ‘आयडल ओपन डिसेंट’ या मोडमध्ये ते अखेरच्या टप्प्यातही राहिले होते. उतरणीचा दर निवडण्याच्या बटणाऐवजी उंचीचे बटण फिरवले गेले असावे, अशीही शक्यता तेव्हा वर्तवली गेली. यावरची शिस्त एवढीच, की बटण फिरवल्यावर नजर बटणावर न ठेवता समोरच्या पडद्यावरील मोडच्या पट्टीवर न्यावी आणि तिथे जे दिसते ते वाचून दाखवावे.

हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरचा दाब बदलताना दोघांनीही आकडा उच्चारून जुळवावा. दाबाच्या एका हेक्टोपास्कल एककाला सुमारे 27 फूट पडतात. मुंबईत ऐन पावसाळ्यात दाब 1003 असताना यंत्रावर वरच्या उंचीसाठी लावलेला 1013 हा प्रमाण दाब तसाच राहिला, तर यंत्र खऱ्या उंचीपेक्षा पावणेतीनशे फूट जास्त दाखवील.

दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त एक शब्दही बोलू नये. 2020 मध्ये, योगायोगाने 22 मे रोजीच, कराचीला उतरताना अपघात झालेल्या पाकिस्तानी ए-320 मधील वैमानिक करोनाविषयी बोलत होते, आणि जिथे सुमारे तीन हजार फुटांवर असायला हवे तिथे विमान 9,780 फुटांवर होते.

शेवटची तपासणी एक हजार फुटांवर करावी: वेग, चाके, फ्लॅप (पंखांचे खाली वळणारे भाग), मार्गरेषा, उतरणीचा दर आणि इंजिनांची शक्ती. यांपैकी एकही जागेवर नसेल तर ‘अनस्टेबल, गो-अराउंड’ (विमान स्थिर नाही, उतरणे सोडून पुन्हा वर चला) हे शब्द स्पष्ट उच्चारावेत. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना टोकताना आवाज आपोआप खाली जातो. तो इथे जाणीवपूर्वक चढवावा लागतो, आणि सिम्युलेटरमध्ये त्याचा सराव करावा. मंगळूरच्या सहवैमानिकाने गो-अराउंड एकदा नव्हे, तीनदा म्हटले होते, परंतु नियंत्रण हाती घेतले नव्हते. दोनदा सांगूनही प्रतिसाद मिळाला नाही तर ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून विमान हाती घेण्याची मुभा अनेक कंपन्यांच्या नियमावलीत असते. आपल्या कंपनीचे शब्द आणि अटी आधीच पाठ असाव्यात.

हे सगळे रिव्हर्सर (टेकल्यावर इंजिनांचा जोर उलट दिशेने वळवून वेग कमी करणारी यंत्रणा) उघडण्यापूर्वीच करायचे असते. मंगळूरला विमान सुमारे आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर 5,200 फूट गेल्यावर टेकले आणि रिव्हर्सर उघडल्यानंतर पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न झाला. विमानातल्या 166 जणांपैकी आठ वाचले. रिव्हर्सर उघडले की गो-अराउंडचा विचार सोडून द्यावा आणि उरलेल्या धावपट्टीवर पूर्ण ताकदीने ब्रेक लावावेत.