पेसाखच्या सेदरला पहिल्यांदाच जाताय?

पेसाख हा यहुद्यांचा सण, म्हणजे मराठी बायबलातला वल्हांडण. त्याच्या पहिल्या रात्रीचं सेदर, म्हणजे विधीचं जेवण, हगादा नावाची पोथी वाचत चालतं, आणि ताट समोर यायला दीड-दोन तास सहज लागतात. त्यामुळे संध्याकाळी थोडं खाऊनच निघा, नाहीतर दुसऱ्या पेल्यालाच वाइन चढेल. पेले एकूण चार. द्राक्षाचा रसही चालतो.

घरून डबा नेऊ नका. या सणात गहू, जव, ओट यांचं आंबलेलं काहीही घरात ठेवत नाहीत. पूर्व युरोपीय वळणाच्या घरात तांदूळ आणि डाळीही वर्ज्य, म्हणजे बेसनाचे लाडू आणि चिवडा दोन्ही बाद. (बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, घरात भात असतो.) फुलं न्यायची तर दुपारीच पोचवा. टेबलावरची वाइन स्वतः ओतू नका. कर्मठ घरात बिगर-यहुदी हाताने ओतलेली, न उकळलेली वाइन पीत नाहीत, आणि पाहुण्याला तसं सांगणं यजमानाला जड जातं. अशा घरात सणाच्या रात्री विजेची बटणं दाबत नाहीत, म्हणून फोन खिशातच ठेवा, बेल न वाजवता दार ठोठवा आणि संडासातला दिवा चालू असेल तर चालूच राहू द्या.

शाकाहारी असाल तर आठवडाभर आधी कळवा. मात्झाच्या, म्हणजे न आंबवलेल्या भाकरीच्या, गोळ्यांचं सूप बहुधा कोंबडीच्या रश्श्यातलं असतं. मांसाच्या जेवणात दही-तूपही नसतं.

हगादा हिब्रूत असली तरी शेजारी भाषांतर असतं. १८७४ मध्ये पुण्यात ती मराठी भाषांतरासह छापली गेली होती. वाचायची पाळी आली तर खुशाल वाचा. हगादातल्या, मिसरवर आलेल्या दहा संकटांच्या प्रत्येक नावाला बोटाने वाइनचा एक थेंब ताटलीत टाकतात. बोट चाटू नका. दुसऱ्यांदा हात धुतल्यावर मात्झा तोंडात जाईपर्यंत बोलायचं नाही. नवखे इथेच चुकतात: ‘थँक्यू’ म्हणतात, आणि यजमान नुसती मान हलवतो.

मग मारोर, म्हणजे कडू भाजी, बहुधा किसलेला हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ). तिखट पचवणारेही इथे फसतात, कारण झणका जिभेला नाही, थेट नाकात जातो. अर्धा चमचा घ्या आणि चावताना श्वास आत ओढू नका. सोबत हारोसेत नावाचं गोड वाटण असतं, कुठे सफरचंद-अक्रोडाचं, बेने इस्रायली घरी खजुराचं.

जेवण झालं म्हणून उठू नका. पोरं लपवलेला आफिकोमान, म्हणजे मात्झाचा तुकडा, शोधून आणतात. तो खाल्ल्यावर दुसरं काही खायचं नसतं. पुढे दोन पेले आणि गाणी, त्यात मध्यरात्र होते. लवकर निघायचं असेल तर यजमानांना आधीच सांगा, पण आफिकोमानपर्यंत तरी थांबा.