आधी फोन डिकीत, मग स्टार्टर

मी पुण्यात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. विशीतली पोरं क्लच-गिअर पटकन उचलतात, फोनकडे जाणारा हात मात्र आवरत नाही. टिंग वाजलं की डोक्याआधी हात निघतो. तेव्हा निर्धार वगैरे करत बसू नका. फोन हाताला लागणारच नाही, अशी सोय करा.

स्कूटरवर असाल तर फोन सीटखालच्या डिकीत. खिशात नको, मांडीला थरथर जाणवली की लक्ष गेलंच. कारमध्ये मागच्या सीटवरच्या बॅगेत, चेन लावून. शेजारच्या सीटवर ठेवलात तर पहिल्याच सिग्नलला उचलाल, मी रोज बघते.

रस्ता नवा असेल तर मॅप गाडी उभी असतानाच लावा, फोन होल्डरमध्ये बसवा आणि पुढे आवाजावर चला. केवळ रस्ता शोधायला, लक्ष ढळणार नाही अशा बेताने फोन वापरायची मुभा 2020 पासून नियमात आहे. हातात धरून बोलणं मात्र कलम 184 खाली धोकादायक ड्रायव्हिंग ठरतं: पहिल्या वेळी 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. बाइकच्या हँडलला आयफोन लावणाऱ्यांनो, दणकट इंजिनाच्या हादऱ्यांनी कॅमेरा बिघडू शकतो, हे 2021 मध्ये ॲपलनेच सांगितलंय. जिवाचं सांगून न ऐकणारी पोरं कॅमेऱ्याचं लगेच ऐकतात!

हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलणारे म्हणतात, 'मॅडम, हात मोकळे आहेत की.' हात असतील, मन कुठंय? अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी 2015 मध्ये दाखवलं, की फोनला किंवा गाडीला तोंडी हुकूम दिल्यावरही मन पुरतं रस्त्यावर यायला 27 सेकंदांपर्यंत लागू शकतात. आणि मेसेज वाचायला पाचच सेकंद लागले, तरी ताशी 60 च्या वेगात गाडी 83 मीटर पुढे गेलेली असते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना एवढ्या अंतरात पुढचा ट्रक कधी ब्रेक मारेल, सांगता येत नाही.

फोनमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. आयफोनला 'ड्रायव्हिंग' फोकस आहे, गाडी चालवतोय असा निरोप तो आपणहून धाडतो.

आता घरच्यांचं. 'कुठवर आलास?' हा फोन बहुतेक वेळा आईचाच. तो उचलला नाही तर ती पुन्हा करणार, काळजीच असते ती. निघताना तिला व्हॉट्सॲपवर तासाभराचं लाइव्ह लोकेशन पाठवा आणि ते कसं बघायचं ते एकदा शेजारी बसून दाखवा. मधे बोलणं भागच असेल तर पेट्रोल पंपावर गाडी आत घ्या, इंजिन बंद करा, मग फोन काढा. उड्डाणपुलाच्या कडेला इंडिकेटर लावून थांबणं नको.