लँडिंगच्या वेळी बसणारे झटके: फ्लाइट सिम्युलेटरसाठी पीसी मोकळा कसा करायचा

मुंबईच्या २७ नंबरच्या रनवेवर उतरताना शेवटचा टप्पा घाटकोपरच्या दाट वस्तीवरून जातो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये नेमकं इथेच, पाचशे फुटांवर, चित्र अर्धा सेकंद गोठतं आणि सुटतं तेव्हा विमान मध्यरेषेवरून सरकलेलं असतं. कोपऱ्यातला काउंटर मात्र निवांतपणे सेकंदाला ३५ फ्रेम, म्हणजे ३५ चित्रं, दाखवत असतो.

इथे दोन तक्रारी एकमेकींत मिसळतात. एक, फ्रेम मुळातच कमी असणं. दुसरी, फ्रेम पुरेशा असूनही मध्येच झटका बसणं. मागे चालणारे प्रोग्रॅम बंद केल्याने २५ चे ५० फ्रेम होत नाहीत. तसं सांगणाऱ्या व्हिडिओंकडे दुर्लक्ष करा. त्याने जातात ते झटके. फ्रेम वाढवायच्या असतील तर सिम्युलेटरच्या सेटिंग्जमध्ये किंवा हार्डवेअरमध्ये हात घालावा लागतो. खाली मुख्यतः झटक्यांबद्दल लिहिलं आहे. पायऱ्या विंडोज ११ च्या आहेत आणि २०२० व २०२४ या दोन्ही आवृत्त्यांना लागू पडतात.

आधी मोजा, मग बंद करा

सिम्युलेटरच्या जनरल ऑप्शन्समध्ये ‘डेव्हलपर मोड’ चालू करा आणि वर आलेल्या मेनूच्या पट्टीतून ‘डिस्प्ले एफपीएस’ निवडा. जो चौकोन येतो त्यात फ्रेमच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची ओळ असते ती ‘लिमिटेड बाय’ची. तिथे ‘मेनथ्रेड’ लिहिलेलं असेल तर प्रोसेसर अडला आहे, ‘जीपीयू’ असेल तर ग्राफिक्स कार्ड. प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळही तिथे मिलिसेकंदांत दिसतो. ३० फ्रेम म्हणजे प्रत्येकीला ३३.३ मिलिसेकंद, ६० म्हणजे १६.७. आलेख सपाट असेल तर उड्डाण सुरळीत. सपाट रेषेतून मध्येच काटा उभा राहिला की तो तुमचा झटका. एक्स-प्लेन १२ या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की फ्रेमचा आकडा दिसतो.

चाचणीसाठी उड्डाण एकच ठेवा: तोच विमानतळ, तेच विमान, तीच वेळ आणि लाइव्ह हवामानाऐवजी तयार प्रीसेट. हवामान दरवेळी बदललं तर फरक ढगांमुळे पडला की तुमच्या खटपटीमुळे, हे कळणारच नाही.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३० टक्केच वापरात दिसतो म्हणून ‘प्रोसेसर तर रिकामा आहे’ असं समजणं ही नेहमीची फसगत. सिम्युलेटरचं मुख्य काम एकाच थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरच्या कामाच्या एकाच धाग्यावर, चालतं. १६ थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा त्याने जेमतेम सहा टक्क्यांनी वाढतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या आलेखावर उजवी क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा. मग एखादी चौकट माथ्याला टेकलेली दिसते का ते बघा.

मागे काय जागं होतं

झटका देणारा प्रोग्रॅम बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि दर काही मिनिटांनी उठतो, त्यामुळे टास्क मॅनेजर एकदा उघडून काही सापडत नाही. सिम्युलेटर विंडोत चालवा, टास्क मॅनेजर शेजारी ठेवा, दहा मिनिटं ऑटोपायलटवर उडू द्या. आधी सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून यादी लावा, नंतर डिस्कच्या. झटका बसताना यादीत कोण वर उसळतं ते टिपून ठेवा. संशयित बहुधा ठरलेलेच असतात.

वनड्राइव्ह: टास्कबारवरच्या ढगावर क्लिक करून सिंक २, ८ किंवा २४ तासांसाठी थांबवता येतं; दोन तास पुरतात. तुमचं ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर वनड्राइव्हवर असेल तर हे विसरू नका, कारण काही अ‍ॅडऑन (सिम्युलेटरला वरून जोडलेली विमानं, विमानतळ वगैरे) आपल्या फाइली तिथेच सतत लिहितात आणि वनड्राइव्ह प्रत्येक बदल वर चढवायला धावतं.

ब्राउझर: खिडकी बंद केली म्हणजे क्रोम बंद झालं असं नाही. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’खाली क्रोम बंद केल्यावरही अ‍ॅप्स मागे चालू ठेवण्याचा पर्याय असतो, तो काढा. एजमध्ये त्याच जागी ‘स्टार्टअप बूस्ट’ असतं.

रेकॉर्डिंग: सेटिंग्ज, गेमिंग, कॅप्चर्स या वाटेने जाऊन ‘रेकॉर्ड व्हॉट हॅपन्ड’ बंद असल्याची खात्री करा. चालू असेल तर संपूर्ण उड्डाणाचं गुपचूप चित्रीकरण होत राहतं.

विंडोज अपडेट: उडण्याआधी ‘पॉज’ करा. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये इतर कॉम्प्युटरना अपडेट वाटण्याची परवानगीही काढून टाका.

हे झालं की टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’मध्ये जा. गेम लाँचर, मीटिंगची अ‍ॅप्स, प्रिंटरचे मदतनीस, आरजीबी दिवे नाचवणारी सॉफ्टवेअर यांना कॉम्प्युटरसोबत सुरू व्हायचं काही कारण नाही. उजवी क्लिक, ‘डिसेबल’. यातून काहीच अनइन्स्टॉल होत नाही, लागेल तेव्हा हाताने उघडता येतं. साउंड, टचपॅड आणि जॉयस्टिक किंवा रडर पेडलच्या ड्रायव्हरशी संबंधित नोंदी मात्र राहू द्या.

एवढ्यावरही झटके उरले तर ‘क्लीन बूट’, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमच्या सर्व्हिसेस बंद ठेवून विंडोज सुरू करणं. रनमध्ये एमएसकॉन्फिग चालवा, सर्व्हिसेसच्या टॅबवर सर्वांत आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर खूण करा आणि मगच उरलेल्या बंद करा. हा क्रम चुकला तर मायक्रोसॉफ्टची ‘गेमिंग सर्व्हिसेस’ही बंद होते आणि स्टोअरमधून घेतलेला सिम्युलेटर सुरूच होत नाही. क्लीन बूट कायम ठेवायचा नसतो. झटके गेले तर सर्व्हिसेस निम्म्या-निम्म्या चालू करत दोषी शोधा आणि बाकीच्या पूर्ववत करा.

अँटिव्हायरस बंद करू नका. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘एक्सक्लूजन्स’खाली सिम्युलेटरचं ‘ऑफिशियल’ फोल्डर आणि रोलिंग कॅशची (नेटवरून आलेली दृश्यं साठवणारी) फाइल घाला, तेवढं पुरतं. ‘कम्युनिटी’ फोल्डर वगळा असा सल्ला सर्रास दिला जातो, तो आम्ही देणार नाही. कुठून कुठून उतरवलेले फुकट अ‍ॅडऑन पडतात ते नेमके त्याच फोल्डरमध्ये.

रॅम ‘साफ’ करणाऱ्यांपासून लांब

एका बटणात रॅम मोकळी करून देणारे प्रोग्रॅम फायद्यापेक्षा तोटाच करतात. विंडोज रिकाम्या रॅममध्ये नुकत्याच वाचलेल्या फाइली साठवून ठेवतं. टास्क मॅनेजरमध्ये हा भाग ‘कॅश्ड’ म्हणून दिसतो. गरज पडली की ती जागा तत्काळ सोडली जाते. तो साठा जबरदस्तीने पुसला तर सिम्युलेटरला तेच टेक्स्चर (जमीन, इमारती, विमान यांवर चढवलेलं चित्र) पुन्हा एसएसडीवरून वाचावं लागतं. म्हणजे झटका घालवायला गेलात आणि नवा झटका आणलात.

बघायचा आकडा वेगळा आहे. परफॉर्मन्समधल्या मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’ शोधा. तिथे दोन संख्या असतात, समजा २६/३१ जीबी. डावी संख्या उजवीला भिडत आली की सिम्युलेटर एकही संदेश न देता डेस्कटॉपवर फेकतो. उजवी संख्या म्हणजे रॅम अधिक पेजफाइल, म्हणजे रॅमला पूरक म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल. ‘रॅम भरपूर आहे’ म्हणून पेजफाइल बंद करणाऱ्यांचा सिम्युलेटर रॅम शिल्लक असतानाही कोसळतो, तो याच कारणाने. पेजफाइलचा आकार विंडोजलाच ठरवू द्या आणि ती एसएसडीवर असू द्या.

२०२० च्या आवृत्तीसाठी शिफारस १६ जीबी रॅमची आहे, २०२४ साठी ३२ जीबीची. १६ जीबीवर २०२४ चालवायचा तर ब्राउझर पूर्ण बंद, त्यात तडजोड नाही. त्याच पानावर रॅमचा ‘स्पीड’ही बघा. ३२०० ची रॅम विकत घेऊन ती २१३३ वर चालताना सापडणं मुळीच दुर्मीळ नाही, कारण बायॉसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केलेलं नसतं. ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर दोनपैकी एक दिसत असेल तर रॅम सिंगल चॅनेलवर, म्हणजे दोनऐवजी एकाच वाटेने, चालते आहे. लॅपटॉपमध्ये जोडीची दुसरी पट्टी बसवणं हा बऱ्याचदा सर्वांत स्वस्त आणि ठळक फरक पाडणारा खर्च ठरतो.

ग्राफिक्स कार्डाची मेमरी

ही भरली की आधी सगळं ठीक आणि नंतर एकदम पाच-सात फ्रेम, असा अनुभव येतो. विशेषतः बाहेरच्या कॅमेऱ्यातून कॉकपिटमध्ये परतताना. टास्क मॅनेजरच्या जीपीयूच्या पानावर ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ काठोकाठ भरली असेल आणि ‘शेअर्ड’ वाढत असेल, तर टेक्स्चर साध्या रॅममध्ये सांडू लागली आहेत. टेक्स्चर रिझोल्यूशन अल्ट्रावरून हाय करा.

दुसऱ्या मॉनिटरवर चालणारा व्हिडिओ, ब्राउझर आणि चॅटची अ‍ॅप्ससुद्धा याच मेमरीतून वाटा उचलतात. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर कामं वाटून द्या: सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स. तिथे ब्राउझरला ‘पॉवर सेव्हिंग’ आणि सिम्युलेटरला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या. डेस्कटॉपवर हा मार्ग नसेल तर ब्राउझरमधलं ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन बंद करा.

डिस्क क्लीनअप करताना ‘डायरेक्टएक्स शेडर कॅश’वरची खूण काढून टाका. ती कॅश पुसली की सिम्युलेटरला शेडर (प्रकाश, रंग, सावल्या काढणारे छोटे प्रोग्रॅम) पुन्हा तयार करावे लागतात आणि पुढचं पहिलं उड्डाण अडखळत होतं. ड्रायव्हर अपडेटनंतरही तसंच होतं. त्या पहिल्या उड्डाणावरून नव्या ड्रायव्हरला शिव्या देऊ नका, दुसरं उड्डाण बघा.

उष्णता आणि वीज

पहिली वीस मिनिटं छान आणि मग हळूहळू फ्रेम घसरत गेल्या, तर सॉफ्टवेअर शोधत बसू नका. सीपीयूच्या पानावर ‘बेस स्पीड’ लिहिलेला असतो. लोड असताना चालू ‘स्पीड’ त्याच्या खाली गेला की प्रोसेसर तापून स्वतःला आवरतो आहे. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेल्या लॅपटॉपकडून वेगळी अपेक्षा नकोच. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला, जाळीतली धूळ काढा, गादीवर ठेवू नका. पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ हवा आणि चार्जर मूळचाच. कमी वॅटचा टाइप-सी चार्जर लावला तर चार्जिंगचं चिन्ह दिसत राहतं, पण ग्राफिक्सला पुरेशी वीज मिळत नाही. वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की फ्रेम कोसळणारच.

नेट आणि अ‍ॅडऑन

जमिनीचं चित्र नेटवरून येतं. २०२० ला २० एमबीपीएसची शिफारस आहे, २०२४ ला ५० ची. पण दोषी बहुतेकदा वेग नसतो; घरातला कुणाचा तरी फोन त्याच वायफायवर फोटोंचा बॅकअप चढवत असतो. शक्य असेल तर पीसीला केबल लावा. नेट डळमळीतच असेल तर डेटाच्या सेटिंग्जमध्ये फोटोग्रामेट्री (फोटोंवरून बनवलेल्या शहरांची त्रिमितीय दृश्यं) बंद करा. रोलिंग कॅश एसएसडीवर ठेवा, मोठ्या अपडेटनंतर एकदा पुसून नव्याने तयार होऊ द्या आणि त्या ड्राइव्हवर १५-२० टक्के जागा रिकामी राखा.

‘कम्युनिटी’ फोल्डरचं नाव बदला, त्याच नावाचं रिकामं फोल्डर बनवा आणि चाचणीचं उड्डाण करा. झटके गेले तर खोट अ‍ॅडऑनमध्ये. आता ते पाच-पाच करून परत आणा. जगभरचे शंभर विमानतळ कायम भरून ठेवण्याऐवजी आजच्या मार्गावरचे दोनच चालू ठेवा. अ‍ॅडऑन लिंकरसारख्या मोफत साधनाने फाइली न हलवता हे जमतं. नकाशा दुसऱ्या यंत्रावर न्या. लिटल नॅवमॅप या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये वेब सर्व्हर आहे, टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये नकाशा उघडतो आणि पीसीवर दुसरी खिडकी रंगवायचं काम वाचतं.

इतकं करूनही भागलं नाही तर

चौकोनात ‘मेनथ्रेड’ येत असेल तर टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमीन किती दूरपर्यंत बारकाईने दाखवायची ते) २०० वरून १०० करा. बारकाव्याची त्रिज्या निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होतं, त्यामुळे मुंबईसारख्या शहरावर याचा परिणाम सर्वांत जास्त. मग विमानतळावरची वाहनं, उभी विमानं आणि ट्रॅफिक कमी करा, ग्लास कॉकपिटचा (कॉकपिटमधल्या डिजिटल पडद्यांचा) रिफ्रेश रेट मीडियमवर आणा. ‘जीपीयू’ येत असेल तर पहिला हात ढगांना: अल्ट्राचे हाय केलेत तर डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाही, कार्डाला मात्र जाणवतो. त्यानंतर सावल्या आणि रेंडर स्केलिंग (चित्र किती रिझोल्यूशनमध्ये काढायचं ते). चुकीच्या बाजूचं सेटिंग उतरवलं तर चित्र बिघडतं आणि फ्रेम तिथेच राहतात.

शेवटी फ्रेमला मर्यादा घाला. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ३२ ते ४८ मध्ये हेलकावे खाणाऱ्या फ्रेमपेक्षा ३० वर बांधलेल्या जास्त सुखाच्या. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिम्युलेटरसाठी ‘मॅक्स फ्रेम रेट’ ३० ठेवा आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालाशी जुळवणारं सेटिंग) चालू करा. प्रत्येक फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळतात, प्रोसेसरला थोडी उसंत राहते आणि मध्येच काही जागं झालं तरी ते त्या उसंतीत खपून जातं. मग डेव्हलपर मोड बंद करा आणि २७ वर पुन्हा एकदा उतरून बघा.