सुपरहिरोचा पुतळा पाहताना या चुका टाळा

संग्रहासाठी घेतलेला पुतळा खोक्यातून बाहेर निघाला की बहुतेकांची नजर थेट चेहऱ्याकडे जाते आणि तो हुबेहूब जमला आहे की नाही, यावरच साऱ्या शिल्पाचा निकाल लागतो. वास्तविक १:४ प्रमाणातल्या, सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीच्या पुतळ्यात डोके जेमतेम सहा सेंटिमीटरांचे असते. शिल्पकाराचा कस लागतो तो उरलेल्या देहाचा तोल साधताना. खोलीत अंधार करून पुतळ्यामागे दिवा लावावा आणि केवळ काळी आकृती पाहावी. रंग आणि छातीवरचे चिन्ह दिसत नसतानाही पात्राचा आवेश कळला, तर रचना पक्की आहे.

'डोके फार लहान झाले' ही तक्रार बहुधा घाईची असते. सर्वसाधारण माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पट धरली जाते, तर नायकाची आकृती आठ पट किंवा त्याहूनही उंच घडवली जाते. त्याऐवजी स्नायूंकडे पाहावे. कोपरात वाकलेल्या दंडाचा पुढचा स्नायू आवळलेला असेल तर मागचा बराचसा सैल हवा. सगळेच सारखे फुगलेले असतील, तर ती ताकद नव्हे, शिल्पकाराने शरीराचा अभ्यास टाळल्याची खूण आहे. त्रिभंगातल्या, म्हणजे तीन ठिकाणी वळलेल्या देहाच्या, मूर्तीप्रमाणे भार एका पायावर असेल, तर त्या बाजूचे नितंब वर चढलेले आणि खांदा किंचित उतरलेला दिसला पाहिजे.

अंगावरच्या केपला, म्हणजे खांद्यांवरून मागे सोडलेल्या वस्त्राला, निव्वळ सजावट समजणे ही तर मोठीच चूक. संगमरवरी पुतळ्याचा भार बारीक घोट्यांना पेलत नाही, म्हणून मायकेलअँजेलोच्या 'डेव्हिड' या संगमरवरी पुतळ्याच्या उजव्या पायामागे झाडाचा बुंधा कोरलेला आहे. आपल्या नायकाच्या पुतळ्यात तेच काम अनेकदा जमिनीला टेकलेली केप गुपचूप करते. तिच्या चुण्यांवरून वाऱ्याची दिशाही कळते. केप डावीकडे आणि केस उजवीकडे उडत असतील, तर मग वारा वाहतो तरी कुठून?

पुतळा भिंतीला चिकटवून ठेवला की अर्धे शिल्प वाया जाते. शिल्पकार जांबोलोन्याने १५८३ मध्ये पूर्ण केलेले, इटलीतल्या फ्लॉरेन्समधले, पीळ घेत वर चढणाऱ्या तीन आकृत्यांचे शिल्प चहूबाजूंनी फिरून पाहण्यासाठीच घडवलेले आहे, आणि आजचे कित्येक शिल्पकार हाच पीळ नायकाच्या कमरेत आणतात.

छायाचित्रात रुबाबदार वाटलेला पुतळा घरी सपाट दिसत असेल, तर दोष बहुधा उजेडाचा किंवा उंचीचा असतो. मी स्वतः कठड्यावर दबा धरून बसलेला बॅटमॅन कित्येक आठवडे खालच्या फळीवर ठेवला होता आणि शिल्पकाराला नावे ठेवत होतो, कारण वरून केवळ पाठ आणि कान दिसत. तोच डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला, तेव्हा त्याची नजर माझ्यावर रोखलेली असल्याचे पहिल्यांदा लक्षात आले. समोरून पडणारा प्रकाश उठाव पुसून टाकतो. एकच दिवा वरून, थोडा तिरका असावा.

शेवटची फसगत रंगाची. खाचांमध्ये गडद पातळ रंग सोडून खोलपणाचा आभास सहज निर्माण करता येतो. तो ओळखण्यासाठी हातातली बॅटरी पुतळ्याच्या एका कडेने हळूहळू दुसरीकडे न्यावी: कोरलेल्या खाचेची सावली प्रकाशाबरोबर सरकते, रंगवलेली जागच्या जागी राहते.